माळ्यावरचं पोस्टस्क्रिप्ट

महाडच्या बाजारपेठेत जे काही जपायचं असेल ते माळ्यावर ठेवतात, कारण पावसाळ्यात सावित्रीचं पाणी दुकानात येतं. म्हणून मुंबईतल्या एका बंद पडलेल्या प्रेसमधून आणलेला कॉम्प्युटर आणि त्याच्याबरोबरचा लेझर प्रिंटर आमच्या प्रेसच्या मालकांनी थेट माळ्यावर चढवला. खाली छपाईचं ट्रेडल मशीन, शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या अक्षरांच्या, खणाखणांच्या केसेस आणि जुने कंपोझिटर, ज्यांना सगळे काका म्हणत. वर मी.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. दासगावहून सकाळच्या एसटीने यायचे. बी.कॉम. झालेलं, मराठी टायपिंगच्या दोन परीक्षा झालेल्या, एवढ्यावर मालकांनी मला ठेवून घेतलं होतं. काका पोलादपूरचे. त्यांचं काम कंपोझिंगचं, म्हणजे केसमधून एकेक अक्षर उचलायचं, हातातल्या स्टिक नावाच्या पट्टीत उलटं लावायचं, ओळ भरली की ती उतरवून पुढची घ्यायची. तीस वर्षं ते एकाच खिडकीशी, एकाच बाजूला किंचित कललेले, उभे होते. बोटं केसकडे बघितल्याशिवाय बरोबर खणात जायची.

कॉम्प्युटर छोटा होता. पडदा आणि यंत्र एकाच डब्यात, पडदा नऊ इंची, काळा-पांढरा. चालू केला की राखाडी टेबलासारखं काहीतरी दिसायचं, त्यावर कागदांच्या फायली आणि कोपऱ्यात कचऱ्याची बादली. बादलीत काही टाकलं की ती फुगायची. मला त्या बादलीचं इतकं अप्रूप होतं की पहिले काही दिवस मी उगाच कोऱ्या फायली बनवून तिच्यात टाकायचे. आज हे सांगताना हसू येतं, पण एवढं नीटनेटकं टेबल मी तोपर्यंत कुठल्याच कचेरीत पाहिलेलं नव्हतं. त्यावरची प्रत्येक गोष्ट माझ्या हाताखाली होती. घरी आम्ही सात माणसं होतो आणि माझ्या हक्काचा एक खणसुद्धा नव्हता.

हे यंत्र कशासाठी आणलंय ते मला कळत होतं. काकांनाही कळत असणार.

मालक वाईट नव्हते. त्यांनी एका सोमवारी काकांना वर बोलावलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं.

"ही शिकवेल तुम्हाला. दोघांनाही आलं पाहिजे," ते म्हणाले आणि खाली गेले.

काकांनी माउसवर हात ठेवला. ज्या बोटांना न बघता बारीक मात्रा सापडायची त्या बोटांखालून पडद्यावरचा बाण सटकत होता. त्यांनी तो फायलीजवळ नेला की तो पुढे जायचा, मागे आणला की खाली. माउस टेबलाच्या कडेपर्यंत गेला की ते थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. उचलून परत मध्ये ठेवायचा, हे मी तीनदा सांगितलं. मग फ्लॉपी बाहेर काढायची वेळ आली. त्या यंत्रात फ्लॉपीला बटण नव्हतं. पडद्यावरचं तिचं चित्र ओढून कचऱ्याच्या बादलीवर नेलं की ती बाहेर यायची.

"कचऱ्यात टाकायची?" काकांनी विचारलं. "आतलं काम जाईल ना."

"नाही जात, काका. ते नुसतं तसं दाखवतात."

"मग तसं दाखवायचं कशाला?"

त्यांनी बराच वेळ माउस धरून ठेवला, पण ते चित्र काही ओढलं नाही. शेवटी उठले. "हे माझ्या हाताचं नाय गो बाय," म्हणाले, आणि जिन्याचा कठडा धरून खाली गेले.

त्यानंतर महिनाभराने शाळेच्या हजेरीपत्रकांचं काम आलं. एकतीस रकाने, वर मथळा, बाजूला नावांची जागा. पडद्यावर रेघा सारख्या अंतरावर दिसायच्या, पण कागदावर दोन रकाने रुंद आणि मधलाच एखादा अरुंद यायचा. मी दोन दिवस झगडले. मुंबईहून ज्या माणसाने यंत्र लावून दिलं होतं त्याला मालकांच्या फोनवरून विचारलं. तो म्हणाला, "प्रिंटरशी सरळ बोला. त्याची स्वतःची भाषा आहे, पोस्टस्क्रिप्ट. मॅन्युअल तिथेच ठेवलंय."

ते झेरॉक्स केलेलं, दोऱ्याने शिवलेलं जाड मॅन्युअल प्रिंटरच्या खोक्यात होतं. मी ते वाचायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी अडकले. पडद्यावरच्या एका खिडकीत मी चार शब्द लिहून पाठवले, तर उत्तर आलं, 'स्टॅक अंडरफ्लो'. डब्यासाठी वर आलेल्या काकांना मी ते वाचून दाखवलं. दुपारचं जेवण आम्ही माळ्यावर करायचो, खाली शाईचा वास असायचा म्हणून.

"म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मला जेवढं कळलं होतं तेवढं मी सांगितलं. यात आकडे एकावर एक ठेवत जायचे, ताटांच्या चवडीसारखे. मग शब्द लिहायचा. तो शब्द वरची ताटं उचलतो आणि त्यांचं काहीतरी करतो. रेघ कुठून सुरू करायची त्याचे दोन आकडे ठेवायचे, मग 'मूव्हटू' म्हणायचं. कुठवर न्यायची त्याचे दोन आकडे ठेवायचे, मग 'लाइनटू'. मी एक आकडा कमी ठेवला होता. त्याने हात घातला तर ताटच नव्हतं.

काकांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. "आकडे आधी? आणि काय करायचं ते मागनं?"

"हो. उलटंच आहे जरा."

"उलटं कसलं? आपण काय म्हणतो? पाणी आण. आण पाणी नाय म्हणत. आधी पाणी, मग आण." त्यांनी तुकडा भाजीत बुडवला. "हे आकडे कशात मोजायचे?"

"पॉइंटमध्ये. एका इंचाला बहात्तर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पॉइंट हे खिळ्यांचं माप. बारा पॉइंट, अठरा पॉइंट, छत्तीसचा मथळा, हे त्यांच्या तोंडात तीस वर्षं होतं. मग मी सांगितलं की पान वरून नाही, खालच्या डाव्या कोपऱ्यातून मोजायचं, तर त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. आयुष्यभर त्यांनी अक्षरं उलटीच वाचली होती.

त्या दिवशी हात धुऊन ते परत वर आले. एका कोऱ्या कागदाच्या मागे पेन्सिलीने त्यांनी हजेरीपत्रकाचं गणित मांडलं. समास एवढा, नावांना एवढं, उरलेल्याचे एकतीस भाग. मी ते टाइप केलं. प्रिंटर बराच वेळ गुरगुरला आणि मग कागद आला. बत्तीस उभ्या रेघा, सगळ्या सारख्या. काकांनी खिशातून भिंग काढलं आणि डावीकडून उजवीकडे एकेक रेघ बघत गेले. कागद घडी न करता दोन्ही हातांनी धरून खाली घेऊन गेले.

पुढची दीड-दोन वर्षं मला माझ्या नोकरीतली सगळ्यात बरी वाटतात. दुपारी तासभर, कधी काम कमी असलं तर दोन तास, आम्ही माळ्यावर बसायचो. काकांना इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी मथळे त्यांनी शेकड्याने जुळवले होते. अक्षरं त्यांना आकारांनी ठाऊक होती, अर्थ नव्हते. ते मला एकेका शब्दाचा अर्थ विचारायचे आणि वहीत मराठीत लिहून ठेवायचे. मग मला मॅन्युअलमध्ये सापडलं की आपले शब्द आपण बनवू शकतो. एकदा नाव द्यायचं, काय करायचं ते कंसात लिहायचं, की प्रिंटर तो शब्द कायमचा त्याचाच असल्यासारखा ओळखतो. आम्ही इंग्रजी अक्षरांत 'समास' लिहिला, 'रेघ' लिहिली, 'चौकट' लिहिली. काकांनी पहिल्यांदा स्वतः एका बोटाने 'चौकट' टाइप केलं आणि चौकट उमटली, तेव्हा ते म्हणाले, "ह्याला मराठी कळतं." मी त्यांना खरं काय ते समजावून सांगितलं नाही.

मला ती भाषा का आवडली, हे मी पुढे पुष्कळदा स्वतःशी ताडून पाहिलंय. पडद्यावरचं टेबल छान होतं, पण ते सगळं नुसतं दाखवण्यापुरतं होतं. या भाषेत काही लपलेलं नव्हतं. ताटावर ताट ठेवलं तर दिसायचं, चुकलं तर नेमकं काय कमी पडलं ते कळायचं. आणि माझ्याबरोबर तिथे आणखी एक माणूस होता ज्याला ते माझ्याहून जास्त कळत होतं.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच आमच्याच प्रेसमध्ये. काकांनी ठरवलं की तिची चौकट आपण करायची, आंब्याच्या पानांची. शाळेच्या आलेखाच्या वहीत त्यांनी एक पान काढलं, त्याचा बाक मोजला. एका बाकाला सहा आकडे लागायचे. एक पान जमल्यावर ते फिरवून, किंचित लहान-मोठं करून चारी बाजूंनी लावायचं. हे काम तीन आठवडे चाललं. पोलादपूरहून येताना ते एसटीत आकडे मांडायचे आणि पोचल्यावर पुन्हा नीट लिहून काढायचे, कारण कागदावरची पेन्सिल धक्क्यांनी वेडीवाकडी झालेली असायची. शेवटी मी ते टाइप केलं आणि पाठवलं. प्रिंटर अडकल्यासारखा झाला. पंचवीस मिनिटांनी कागद बाहेर आला. मी अशी चौकट नंतर कुठे पाहिली नाही. कोपऱ्यांवर पानं एकमेकांना लागायची, पण एकमेकांवर चढायची नाहीत.

पत्रिका छापायच्या दिवशी काका रजेवर होते, लग्नाची खरेदी होती. त्याच सकाळी निवडणुकीतल्या एका उमेदवाराची पत्रकं आली आणि ती दुपारपर्यंत हवी होती. पत्रिकेचा मजकूर बदलला होता, मुहूर्ताची वेळ चुकली होती, म्हणजे पान पुन्हा काढायला हवं होतं. मालक दोनदा जिना चढून आले.

"किती वेळ लागेल?"

"चौकटीला अर्धा तास."

"अर्धा तास प्रिंटर अडवून ठेवणार? तयार चौकटी आहेत ना त्यात? घाल कुठली तरी. लग्नाची पत्रिका आहे, चार दिवसांनी रद्दीत जाते."

मी घातली. माउसने तीनदा टिचकी मारली आणि वेलबुट्टीची एक जाड चौकट मजकुराभोवती येऊन बसली. मला वाटलं, आल्यावर सांगू. त्यांना कळेल.

दुसऱ्या दिवशी काका गठ्ठा न्यायला आले. वरची पत्रिका काढून त्यांनी खिडकीशी धरली. मी जिन्यावरून बघत होते. त्यांनी कडेच्या रेघेवरून अंगठा फिरवला, मग ती गठ्ठ्यावर परत सरळ ठेवली आणि गठ्ठा कागदात बांधला.

"वेळेत झालं, बरं झालं," ते म्हणाले. "तू ये हां लग्नाला."

मी लग्नाला गेले. जेवले आणि परत आले.

त्याच पावसाळ्यात पाणी आलं. बाजारपेठेला पाण्याची सवय आहे, पण त्या वर्षी ते दोन दिवस उतरलं नाही. माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर कोरडे राहिले. खाली सगळ्या केसेस चिखलाने भरल्या. पाणी उतरल्यावर मी आले तेव्हा काका आधीच आलेले होते. त्यांनी केसेस रस्त्यावर ओढून आणल्या होत्या आणि ते एकेक खण घमेल्यात रिकामा करून धूत होते. चिखल, पाणी, पुन्हा चिखल. धुतलेले खिळे पोत्यावर पसरून ते वेगळे करायचे, क चे एकीकडे, मात्रा दुसरीकडे. मी दोन दिवस मदत केली. मग वर काम आलं आणि मालकांनी मला बोलावलं. जिल्ह्यात सगळीकडून नुकसानीच्या अर्जांचे नमुने छापायला येत होते आणि ते सगळे माझ्या यंत्रावरच व्हायचे होते.

काका नऊ दिवस धूत होते. दहाव्या दिवशी भंगारवाला आला आणि मालकांनी सगळे खिळे वजनावर दिले. धुतलेले आणि न धुतलेले एकाच पोत्यात गेले. काका तिथेच उभे होते. त्यांनी पोत्याचं तोंड धरायला मदतसुद्धा केली.

त्यानंतर ते आले नाहीत. मी मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी कुठे जा म्हटलं त्यांना? या म्हणून निरोप धाडलाय." निरोप खरंच धाडला होता का, मला माहीत नाही. मी स्वतः पोलादपूरला जाऊ शकले असते. अठरा किलोमीटर आहे. गेले नाही. जाऊन काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं आणि पुढे पुढे तर न जाण्याचीच सवय झाली.

काही वर्षांनी रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर आला, मग आणखी एक. नवे प्रिंटर स्वस्त होते आणि त्यांना भाषाच नव्हती. कॉम्प्युटर सगळं ठरवून ठिपके पाठवायचा, प्रिंटर ते उमटवायचा. जुना प्रिंटर बिघडला तेव्हा कोणी दुरुस्त केला नाही. मालक वारले, प्रेस बंद झाली. मी आता एका जिन्याखालच्या गाळ्यात झेरॉक्स काढते आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते. दिवसभर पडद्यावर गोल फिरत असतं आणि आत काय चाललंय हे मला कळत नाही. मीही समोरच्या माणसाला सांगते, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

दोन वर्षांपूर्वी एक बाई वडिलांच्या म्हातारपणच्या सरकारी पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला आली. कागदावरचं नाव वाचून मी तिच्याकडे बघितलं. काकांची मुलगी. नवरा गेल्यापासून ती माहेरीच राहत होती.

"बाबांना दिसत नाही आता," ती म्हणाली. "आणि अंगठा उठत नाही मशीनवर. पोलादपुरात तीन ठिकाणी करून बघितलं."

मी म्हटलं, मी घरी येऊन बघते. आठवडाभर मी दुसरंच काहीतरी करत बसले. आता पोस्टस्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम फुकट मिळतो. तो लॅपटॉपवर घेतला आणि जेवढं आठवत होतं त्यावरून आंब्याच्या पानांची ती चौकट पुन्हा लिहिली. आकडे आठवत नव्हते, अंदाजाने घातले. पंचवीस मिनिटांचं काम पापणी लवायच्या आत झालं.

काका ओटीवर खाटेवर बसले होते. खूप बारीक झाले होते. मी नाव सांगितल्यावर म्हणाले, "दासगावची ना तू?" मी त्यांच्याजवळ बसले आणि फार वेळ न घालवता पत्रिकेचं सांगितलं. ती चौकट तुमची नव्हती, मी घाईत दुसरी घातली होती, असं सगळं.

"ठाव हाय," ते म्हणाले. "रेघ जाड होती. माझी अर्ध्या पॉइंटची होती."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुला नोकरी करायची होती. मला पण करायची होती तवा."

मी लॅपटॉप उघडला होता. मी म्हटलं, "काका, मी ती चौकट परत केलीये. पानं आहेत सगळी. कोपऱ्यात..." आणि थांबले. ते माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसले होते. वाईट वाटू नये म्हणून ऐकून घेत होते. ही भेटवस्तू मी माझ्यासाठीच आणली होती, हे मला तिथे बसल्यावर समजलं. मी लॅपटॉप मिटला.

मग त्यांचा अंगठा मशीनवर ठेवला. नाही उठला. तर्जनी, मधलं बोट, दुसरा हात. तेल पुसून, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा. बोटांची टोकं गुळगुळीत होती, काचेसारखी. डोळ्यांचं मशीनही वापरून पाहिलं, त्यात तर लाल दिवाच लागला. "खिळ्यांनी खाल्ली बोटं," काका म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता.

पुढच्या आठवड्यात मुलगी आणि मी त्यांना रिक्षाने तहसील कचेरीत घेऊन गेलो. तिथल्या एका वयस्कर कारकुनाने त्यांना समोर बसवलं, चार प्रश्न विचारले आणि कागदावर सही-शिक्क्याचा दाखला दिला. एवढंच पुरेसं होतं. पेन्शन पुन्हा सुरू झाली आणि पुढच्या आषाढापर्यंत चालली.

ते गेल्याचा फोन सकाळी आला. रस्त्यावर दरड आली होती, एसटी नांगलवाडीपाशी दोन तास उभी राहिली. मी पोहोचले तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती. मुलगी ओटीवर बसली होती. मी तिच्याजवळ बसले. तिने विचारलं, "बाबा प्रेसमध्ये माळ्यावर काय करायचे हो? आई म्हणायची, दुपारी वर बसून काहीतरी शिकतात. घरी कधी बोलले नाहीत."

मी सांगायला लागले. आकडे आधी ठेवायचे, म्हटलं, ताटांच्या चवडीसारखे. मग शब्द. तुमच्या बाबांना ते माझ्याआधी कळलं. तिने दोनदा मान हलवली. मग शेजारची बाई चहा घेऊन आली, कोणीतरी विचारलं की दहाव्याला भटजी कुठले सांगायचे, आणि ती उठून आत गेली. मी कप ठेवला, चप्पल शोधली आणि स्टँडकडे निघाले.